आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर

पंचवटी, नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, देवांची काळजी करू नकोस. सकाळी आंघोळ झाली की आधी पूजा उरकतो. बाळकृष्ण पितांबरीने घासला, अन्नपूर्णेच्या पळीत साठलेलं कुंकू काडीने काढलं. देवीचा टाक मात्र तू बजावलंस तसा नुसता पुसला. त्यावरचे नाक-डोळे आता बोटालाच काय ते लागतात. नैवेद्याला साखर आहे, रोज शिरा माझ्याच्याने व्हायचा नाही.

परवा फोनवर विचारलंस, "करतोयस ते ठीक, पण तुझा विश्वास आहे का?" बाबा मागून म्हणाले, "कशाला छळतेस त्याला?" तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

तुझी देवी मला चांगली ठाऊक आहे. वणीच्या गडावरची, अठरा हातांची, आणि अठराही हातांनी तुला कामाला लावणारी. मावशीशी अबोला धरला होतास, तरी गडावरून उतरल्यावर तिची ओटी भरायला गेलीस. तोंड वाकडं करून गेलीस, पण गेलीस. बाबा स्वतःबद्दल म्हणतात, "मी काही मानत नाही." पण गोदेला पूर आला की छत्री घेऊन दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला सगळ्यांच्या आधी हजर! पाणी छातीशी आलं की घरी येऊन असं सांगणार, जणू घरातलंच माणूस पाण्यात उभं आहे.

माझा देव तुम्हा दोघांकडून थोडा थोडा आला, बाकीचा मी बाहेर राहून जुळवला. तो रागवत नाही, नवस मागत नाही, जात मानत नाही. रविवारी उशिरा उठलो तरी त्याचं काही म्हणणं नसतं. अलीकडे मला त्याचीच शंका यायला लागली आहे. इतकं कसं आमचं पटतं?

अमेरिकेत निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना काही वादाच्या प्रश्नांवर स्वतःचं मत विचारलं, दुसऱ्यांचं काय असेल ते विचारलं आणि देवाचंही विचारलं. देवाचं मत स्वतःच्या मताच्या जास्त जवळ निघालं. युक्तिवाद करून माणसाचं मत वळवलं, तर त्याच्या देवाचंही वळलं! पुढे 2018 मध्ये आणखी कुणी तिथल्या 511 ख्रिस्ती लोकांना चेहऱ्यांच्या जोड्या दाखवून देवासारखा कोणता ते निवडायला लावलं. तरुणांचा देव तरुण निघाला.

आपल्याला हे कळायला इतक्या लांब जायला नको. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दारं बंद होती. आतल्या रामाचं मत काय आहे, हे दार लावणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ते हुबेहूब त्यांच्याच मतासारखं होतं. माझा देव आज जात मानत नाही हे खरं. पण मी तेव्हा याच गल्लीत, दाराच्या आतल्या बाजूला जन्मलो असतो, तर त्याने मला काय सांगितलं असतं? याचं उत्तर मला आवडत नाही.

बाबा, लहानपणी तुम्ही कपालेश्वराची गोष्ट सांगायचात. शंकराला ब्रह्महत्येचं पाप लागलं. रामकुंडात स्नान कर, असं नंदीने सांगितलं आणि देवाने ऐकलं. मग नंदीला गुरू मानून समोर बसू नको म्हणाला, म्हणून तिथे पिंडीपुढे नंदी नाही. मला तेव्हा नंदीचं वाईट वाटायचं. आता वाटतं, बैलाने चूक दाखवली तर ऐकणारा देव ज्यांच्या कल्पनेत आला, ती माणसं फार मोठ्या मनाची असली पाहिजेत.

तर आई, विश्वास आहे, पण माझ्या देवापेक्षा तुझ्या देवीवर जास्त, कारण ती तुला नाही म्हणते. देव्हारा पुढे माझ्याकडे राहील. घट बसवीन, नऊ दिवसांचे उपास जमणार नाहीत. ते चालेल का, हे मी देवाला विचारलं तर तो हो म्हणेल, म्हणून तुलाच विचारतोय.

डॉक्टर हो म्हणेपर्यंत ताईकडून निघायची घाई करू नका. गुडघ्याचे व्यायाम बाबांनी समोर बसून करून घ्यावेत. लाइट बिल भरलंय. कापसाच्या वाती संपत आल्यात, येताना ताईकडून वळून आण.

तुमचा,
धाकटा