पार्किंगमधली होम प्लेट

फिलाडेल्फिया,
रविवार

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर अण्णांनी विचारलं, "तिकडे बघण्यासारखं काय पाहिलंस?" मी म्हणालो, "एक पार्किंग." तुम्ही दोघं हसलात आणि तेवढ्यात फोन कटला. त्या पार्किंगबद्दल सविस्तर सांगायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र.

ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने मला मेट्रोने शहराच्या दक्षिण टोकाला नेलं. लांबच लांब डांबर, पांढऱ्या रेघा, गाड्या. एका ठिकाणी ते थांबले आणि बुटाने जमीन ठोकून म्हणाले, "इथे." खाली डांबरात ग्रॅनाइटची पाचकोनी फरशी बसवलेली होती. बेसबॉलमध्ये बॅटिंग करणारा जिच्या शेजारी उभा राहतो ती ही होम प्लेट. इथे व्हेटरन्स स्टेडियम होतं. लोक त्याला नुसतं 'व्हेट' म्हणायचे. 1971 च्या एप्रिलमध्ये ते सुरू झालं आणि 21 मार्च 2004 ला सकाळी सात वाजता सुरुंग लावून पाडलं. 62 सेकंदांत सगळं भुईसपाट.

अण्णा, तुम्ही लगेच विचाराल, 33 वर्षांत पाडायची वेळ का आली? मीही तेच विचारलं. उत्तर त्याच्या आकारातच आहे. इथल्या बेसबॉलचं मैदान पंख्यासारखं उलगडतं आणि फुटबॉलचं (ते हातात चेंडू घेऊन एकमेकांवर आदळतात ते) लांबट चौकोनी असतं. शहराला पैसे वाचवायचे होते म्हणून दोन्हींसाठी एकच स्टेडियम बांधलं: ना धड गोल, ना धड चौकोनी. काही हजार खुर्च्यांचा भाग सरकवायचा, चेंडू टाकणाऱ्याचा मातीचा उंचवटा काढायचा, उघड्या मातीवर कृत्रिम गवताचे तुकडे अंथरायचे, की बेसबॉलचं झालं फुटबॉल. त्या काळात पिट्सबर्ग, सिनसिनाटी, सेंट लुईस इथेही अशीच बांधली. एकाच साच्यातले मोदक. आता त्यातलं एकही उभं नाही.

ते कृत्रिम गवत म्हणजे फरशीवर अंथरलेली हिरवी सतरंजी. जोडांच्या जागी पाय अडकायचा. 1993 मध्ये शिकागोच्या वेंडेल डेव्हिसच्या दोन्ही गुडघ्यांचे स्नायुबंध एकाच क्षणी तुटले. 2001 च्या ऑगस्टमध्ये तर सरावाचा एक सामनाच रद्द झाला, कारण बेसबॉलच्या मातीवर झाकलेला भाग नीट बसला नव्हता आणि पाहुण्या संघाने खेळायला नकार दिला. हे ऐकताना माझा डावा घोटा ठणकला, खरंच. आठवतंय ना? शाळेच्या मैदानावर कसलंसं प्रदर्शन लागलं होतं, मंडपाच्या खांबांचे खड्डे कोणी बुजवलेच नव्हते आणि दुसऱ्याच आठवड्यात मी धाव काढताना त्यातल्या एकात गेलो. आईने महिनाभर हळद लावली होती. मैदान सगळ्यांना भाड्याने देतात, पाय मात्र खेळणाऱ्याचा जातो.

पण अण्णा, ते स्टेडियम वाईट होतं असं ते गृहस्थ काही म्हणू देईनात. 21 ऑक्टोबर 1980 च्या रात्री ते तिथे होते. फिलीज हा इथला बेसबॉल संघ 1883 पासूनचा, आणि तोवर एकदाही अजिंक्यपद नाही. शेवटचा डाव, तिन्ही बेसवर (धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यांवर) समोरच्या कॅन्सस सिटी संघाचे खेळाडू. चेंडू उंच उडून खुर्च्यांच्या कडेला आला. आपल्या यष्टिरक्षकासारखा तिथे एक खेळाडू असतो, तो होता फिलीजचा बॉब बून. त्याच्या ग्लव्हमधून चेंडू निसटला आणि शेजारच्या पीट रोझने तो जमिनीवर पडायच्या आत टिपला. पहिल्या स्लिपच्या हातून सुटलेला झेल दुसऱ्या स्लिपने घ्यावा तसा. मग चेंडू टाकणाऱ्या टग मॅक्ग्रॉने शेवटचा गडी बाद केला. लोकांनी मैदानात घुसू नये म्हणून कडेला घोडेस्वार पोलीस आणि कुत्रे उभे होते, त्यांच्यासमोर हे सगळं. सांगताना त्या गृहस्थांनी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली, रोझने कसा घेतला ते. मॅक्ग्रॉ 2004 च्या जानेवारीत गेला, स्टेडियम मार्चमध्ये. ते हे दोन्ही एका दमात सांगतात.

बाकी तिथले प्रेक्षक म्हणजे आपल्या कुंभातल्या गर्दीला शांत म्हणावं असे. 1997 च्या एका सामन्यात कोणीतरी स्टँडमध्ये फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारी बंदूक) उडवली, तेव्हापासून फुटबॉलच्या सामन्यांना स्टेडियमच्या तळघरात चक्क कोर्ट भरायचं. न्यायाधीश बसलेले, वर मारामारी झाली की थेट खाली दंड. उंदीर तर इतके, की मांजरं ठेवली होती.

आता दोन्ही खेळांना वेगवेगळी स्टेडियम आहेत, फुटबॉलचं 2003 पासून, बेसबॉलचं 2004 पासून. दोन्ही शेजारीच. बेसबॉलचं मी पाहिलं. खरं गवत आहे, आणि प्रत्येक खुर्चीवरून खेळ नीट दिसतो. जुन्या स्टेडियमबद्दल सगळ्यात मोठी तक्रार हीच होती: वरच्या मजल्यावरून खेळाडू मुंगीएवढे.

तुम्ही मला नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीचा सामना बघायला न्यायचात, शेंगदाण्याची पुडी हातात देऊन. ते अनंत कान्हेरे मैदान म्हणायचं असतं हे मला कॉलेजात कळलं. तिथे कुठे बसलं तरी फिल्डर हाकेच्या अंतरावर. एकदा बाउंड्रीवरच्या फिल्डरने तुमच्याकडे शेंगदाणे मागितले होते, आणि तुम्ही अख्खी पुडी दिलीत. मला राग आला होता. तिथे अजूनही रोज सकाळी फिरायला जाता ना? गुडघा दुखत असेल तर आईचं ऐका, दोन फेऱ्या कमी.

फोटो सोबत पाठवतो आहे. होम प्लेट नीट दिसत नाही, कारण अर्ध्या प्लेटवर एका गाडीचं चाक आहे. मालक येईल म्हणून आम्ही वीस मिनिटं थांबलो. आला नाही.

तुमचा,
मंदार