सारखी चौकशी करू नका, असं का म्हणाले

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर मी ‘सारखं कशी आहेस विचारू नका’ म्हणाले आणि आई, तू एकदम गप्प झालीस. तुला लागलं असणार. फोनवर बोलायला गेले असते तर आपण दोघी रडलो असतो, म्हणून लिहिते.

सगळ्या तपासण्या झाल्या, ईसीजी नॉर्मल आला, तरी पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारे भीतीचे झटके, येतच होते. का, ते आता कळतंय. छातीत जरा धडधडलं की मन म्हणतं, ‘हार्ट अटॅक!’ त्या भीतीने धडधड वाढते, वाढलेल्या धडधडीने भीतीची खात्री पटते. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६मध्ये पॅनिकचं हेच चक्र मांडलं. सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याच्या माझ्या थेरपीत, ते चक्र फोडायचं असतं, आणि ते नुसत्या समजुतीने फुटत नाही.

म्हणून थेरपिस्ट मॅडमनी मला खुर्चीवर बसवून मिनिटभर भराभर श्वास घ्यायला लावला. आधी कागदावर लिहायचं होतं, काय होईल असं वाटतं? मी लिहिलं, ‘बेशुद्ध पडेन, खात्री ८० टक्के.’ गरगरलं, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. पडले मात्र नाही. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याच्या त्या मुंग्या. माणूस बेशुद्ध पडतो तो बहुतेकदा रक्तदाब उतरल्यावर, आणि पॅनिकमध्ये तो उलट चढतो. हे आधी वाचलेलंही होतं, पण पटलं त्या खुर्चीवर. आता घरी रोज तेच करायचंय, गोल गोल फिरायचं, स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. बाहेरून बघणाऱ्याला वेडच वाटेल.

आता तुमचा भाग. पर्समधली पाण्याची बाटली, दाराजवळची जागा, आणि बाबांचा आवाज, या माझ्या कुबड्या. बाबा, तुम्ही ‘काही होत नाही गं, मी आहे ना’ म्हणता, मला लगेच बरं वाटतं. आणि मन नोंद करून ठेवतं, बाबा होते म्हणून वाचले. अटॅक बहुधा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप उतरतो, हे ते शिकतच नाही. तेव्हा घाबरून फोन केला तर धीर देऊ नका. ‘काय होईल असं वाटतंय? मागच्या वेळी काय झालं होतं?’ एवढंच विचारा. तुम्हाला जड जाईल, माहीत आहे.

डिप्रेशनचं थोडं वेगळं आहे. आई, तू म्हणतेस चांगले विचार कर. ॲरन बेक या मानसोपचारतज्ज्ञाने १९६०च्या दशकात थेरपीची ही पद्धत घडवली, ती गोड विचारांची नाहीच. ‘माझा कुणाला उपयोग नाही’ असं मनात आलं की त्याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय, हे लिहून तपासायचं. आणि उत्साह येण्याची वाट न बघता काहीतरी करायचं, मग त्याला गुण द्यायचे. काल केस धुतले : जमल्याचं समाधान ५, आनंद १. तुला हसू येईल, पण मागच्या महिन्यात दोन्ही रकाने कोरे होते.

एक मात्र लक्षात ठेवा. जगावंसं वाटत नाही, असं मी कधी म्हणाले तर वरचं सगळं विसरा. तेव्हा प्रश्न विचारत बसू नका, लगेच या आणि डॉक्टरांना कळवा.

बाबा, गोळ्या चालू आहेत. थेरपी आणि गोळ्या एकत्र चालतात, मनाने अचानक बंद करायच्या नसतात. ‘किती दिवस?’ हा तुमचा प्रश्न डॉक्टरांनाच विचारू. मॅडमनी पुढच्या सेशनला तुम्हा दोघांना बोलावलंय. तुमची शंकांची यादी आणा, आणि आई, माझ्याबद्दलची तक्रार असेल तर तीही तिथेच सांग.

तुमची लेक