गुडघा बदलला, पुढे काय?

महोदय,

ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, याचे स्वागतच झाले. मात्र बसवलेल्या गुडघ्यांचे पुढे काय होते, याची नोंद आपल्याकडे अजून ऐच्छिकच आहे. मग ज्यांचे निकाल चांगले तेच माहिती देतात, ही शंका उरतेच. स्वीडनमध्ये अशी राष्ट्रीय नोंदवही १९७५पासून आहे. धातूवर धातू घासणाऱ्या एका बनावटीच्या कृत्रिम खुब्यातील दोष अशाच नोंदींमधून उघड झाला आणि २०१०मध्ये तो खुबा जगभरातून परत मागवला गेला.

‘शस्त्रक्रिया यशस्वी’ याचा अर्थ आपल्याकडे बहुधा एक्स-रे चांगला आला आणि टाके सुकले, एवढाच असतो. रुग्ण कठड्याचा आधार न घेता जिना उतरतो का, रात्री दुखण्याने जाग येते का, हे वर्षभराने फारसे कुणी विचारत नाही. (मांडी घालून बसता येईल का, हे तर आधीच स्पष्ट सांगायला हवे.) निदान कृत्रिम सांध्याच्या खोक्यावरील क्रमांकाचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावणे सक्तीचे करावे आणि सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांना एक, पाच व दहा वर्षांनंतरचे निकाल कळवण्याची अट घालावी.

– एक वाचक, मिरज