वेर्नर फिंक यांचे अर्धे वाक्य

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील राजकीय विनोदावरच्या लेखात जर्मन विनोदी नट वेर्नर फिंक यांच्याविषयी वाचून आनंद झाला. मात्र ‘हिटलर सत्तेवर येताच त्यांचे थिएटर बंद पडले’ हे विधान दुरुस्त करायला हवे. ही चूक नुसत्या तारखेची नाही. या माणसाची सगळी कला त्या मधल्या काळात दडलेली आहे.

फिंक १९०२ साली ग्योर्लिट्झ या गावी एका औषधविक्रेत्याच्या घरी जन्मले. आधी चित्रकला शिकले, मग नाटक कंपन्यांत नट झाले. ऑक्टोबर १९२९ मध्ये त्यांनी सोबत्यांसह बर्लिनमधल्या एका तळघरात ‘काटाकोम्बे’ सुरू केले. कॅबरे म्हटले की आपल्याकडे नाच डोळ्यांसमोर येतो, पण जर्मन ‘काबारेट’ म्हणजे छोट्या मंचावरचे उपरोधिक प्रवेश, कविता, गाणी आणि त्यांना जोडणारा निवेदक. हा निवेदक म्हणजे फिंक. काटाकोम्बे हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या हुकमाने बंद झाले ते १० मे १९३५ रोजी. हिटलर ३० जानेवारी १९३३ ला चान्सलर झाला होता. म्हणजे त्याच्या राजवटीतही ते सव्वादोन वर्षे चालले.

ते कसे चालले, हे समजून घेण्यासारखे आहे. फिंक वाक्य पुरे करत नसत. अडखळत, चाचरत बोलत, मध्येच थांबत आणि उरलेले प्रेक्षकांवर सोपवत. प्रेक्षागृहात टिपणे घेणारे पोलिसांचे हेर असत. त्यांच्या वहीत उतरे ते फक्त उच्चारलेले, आणि उच्चारलेले निरुपद्रवी असे. खरा वार विरामात होई, आणि विराम अहवालात लिहिता येत नाही.

अशाच एका हेराला त्यांनी मंचावरून विचारले होते, ‘कोमेन झी मिट? ओडर मुस इश मिटकोमेन?’ ‘मिटकोमेन’ म्हणजे बोलणाऱ्याच्या वेगाबरोबर राहणे, आणि कुणासोबत चालू लागणे हाही त्याच क्रियापदाचा अर्थ. आपल्या लेखात याचे भाषांतर ‘तुम्हाला समजते का, की मला अटक करता?’ असे आले आहे. त्यात विनोद उरत नाही, कारण ‘अटक’ हा शब्द फिंक यांनी उच्चारलेलाच नाही. मराठीत हे सहज जमते. ‘बरोबर येतंय ना लिहून? की मीच येऊ बरोबर?’ दोन्हीकडे तोच शब्द हवा, दुसरे वाक्य पहिल्याइतकेच लहान हवे आणि पुढे ‘चौकीत’ वगैरे काहीही जोडायचे नाही.

लेखात ज्याचा एका ओळीत उल्लेख आहे, तो शिंप्याचा प्रवेश काटाकोम्बेच्या अखेरच्या दिवसांतला. मार्च १९३५ मध्ये जर्मनीत सक्तीची लष्करभरती परत आली होती, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. गिऱ्हाईक कपडे शिवायला येते. शिंपी विचारतो, ‘काय सेवा करू?’ गिऱ्हाईक दचकते, हाही सेवेचीच भाषा बोलू लागला! (मराठी ‘सेवा’ इथे अगदी चपखल बसते.) मग बाहीचे माप. मूठ वळलेला उजवा हात वर, शिंपी माप सांगतो, ‘अठरा, एकोणीस’. मग पंजा सरळ करून हात पुढे, ‘तेहेतीस’. वळलेली मूठ म्हणजे जर्मनीतली १९१८-१९ची क्रांती, पसरलेला पंजा म्हणजे नाझी सलाम आणि १९३३. हात तसाच राहतो. शिंपी विचारतो, हात खाली का घेत नाही, याचा अर्थ काय? उत्तर येते, ‘आउफगेहोबेने रेश्टे.’ ‘रेश्टे’ म्हणजे उजवा हात आणि ‘रेश्टे’ म्हणजेच हक्क. ‘आउफगेहोबेन’ म्हणजे उचललेला, तसेच रद्द केलेला.

‘रद्द झालेले हक्क’ असे शब्दशः भाषांतर केले की हात अधांतरी राहतो. आमच्या मते मराठीत उत्तर हवे, ‘कायद्याने हात वर केलेत.’ मूळ शब्द सुटतात, पण नटाचा वर राहिलेला हात आणि वाक्य पुन्हा एकत्र येतात. हा प्रवेश कुणी बसवणार असेल तर आकडे शिंप्याच्या निर्विकार आवाजातच यावेत. ‘एकोणीसशे तेहेतीस’ म्हटले की माप संपते आणि भाषण सुरू होते. आपल्या प्रेक्षकांना ही साले ठाऊक नसणार, तेव्हा ती माहिती पडदा उघडण्याआधी, हाती दिलेल्या पत्रकात असावी. मध्येच थांबून समजावले तर विराम वाया जातो.

या प्रवेशांची किंमत मोठी होती. फिंक आणि वाल्टर ग्रोस यांच्यासारखे सहकारी एस्टरवेगनच्या छळछावणीत पोहोचले. नाझीविरोधी पत्रकार कार्ल फॉन ओसिएट्झकी तेव्हा तिथेच कैदेत होते. साधारण सहा आठवड्यांनी, १ जुलै १९३५ रोजी, सुटका झाली. नटी केटे डोर्श यांनी हिटलरचा मंत्री गोरिंग याच्याकडे शब्द टाकला होता. वर्षभर कामाची बंदी आली. विशेष न्यायालयातला खटला मात्र पुराव्याअभावी टिकला नाही. अर्ध्या वाक्याचा उपयोग तिथेही झाला. १९३९च्या सुरुवातीला, ज्याच्या सभासदत्वाविना कलावंताला काम करता येत नसे त्या सरकारी संस्कृती मंडळातूनच काढल्यावर पुन्हा अटक होण्याआधी ते स्वतःहून सैन्यात गेले.

लेखात त्यांना ‘निधड्या छातीचा बंडखोर’ म्हटले आहे. फिंक यांचा आम्हाला फार आदर वाटतो, म्हणूनच हा शब्द खटकतो. निधड्या छातीने बोलणारे काटाकोम्बे आठवडाभरही चालले नसते. ते घाबरत असत आणि ती भीती लपवत नसत. मंचावरचे चाचरणे हे कौशल्य होतेच, पण प्रेक्षकांना त्यात आपलेच चाचरणे ऐकू येई.

युद्धानंतर त्यांनी श्टुटगार्ट आणि हॅम्बुर्ग इथे ‘माउसेफाले’, म्हणजे उंदराचा सापळा, या नावाचे मंच चालवले आणि चित्रपटांत कामे केली. माक्स ओफ्युल्स यांच्या १९५५ च्या ‘लोला माँतेस’मधला चित्रकार म्हणजे फिंक. म्युनिक इथे ३१ जुलै १९७८ रोजी ते वारले.

लेखाची सुधारित आवृत्ती काढलीत तर १० मे १९३५ ही तारीख आणि ‘बरोबर’ची ती दोन वाक्ये तेवढी त्यात घ्यावीत, ही विनंती.

आपले,
जर्मन शिकवणारे दोन वाचक, पुणे