ताईस, फाउंटनहेड वाचून

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, मैत्रिणीचं मॉडेल मोडलं त्यात माझा काय दोष? ज्याचं त्यानं निस्तरावं." आणि वर 'फाउंटनहेड' कादंबरीचं नाव घेतलंस. मी गप्प बसलो, कारण मी ते वाचलं नव्हतं. तुझ्या कपाटातला मराठी अनुवाद काढला आणि रोज रात्री जेवणानंतर वाचत गेलो. काल संपला.

त्यातला वास्तुविशारद हॉवर्ड रोर्क मलाही आवडला. कॉलेजातून काढलं तरी हटला नाही. कामं मिळेनात तेव्हा ग्रॅनाइटच्या खाणीत राबला, पण आपल्या आराखड्यात दुसऱ्याच्या मर्जीची रेघ ओढू दिली नाही. तुला तो का भावला ते कळलं. लेखिका आयन रँडची चीडही कळली. सेंट पीटर्सबर्गमधलं तिच्या वडिलांचं औषधाचं दुकान क्रांतीनंतर जनतेच्या नावानं जप्त झालं. १९२६ साली ती अमेरिकेला गेली आणि १९४३ साली ही कादंबरी आली. त्यातला टूही परोपकाराची प्रवचनं देत माणसं मिंधी करतो. तसली माणसं आपल्याकडंही मी पाहिलीत.

पण मॅलरीचं प्रकरण तू घाईत वाचलंस, ताई. मॅलरी शिल्पकार, खचलेला, पार आशा सोडलेला. रोर्क स्वतः त्याच्या खोलीवर जातो. मॅलरी रडतो आणि रोर्क तिथंच बसून राहतो, त्याचं सगळं ऐकून घेतो. स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूसच असं दुसऱ्याजवळ बसू शकतो. उलट कीटिंग या दुसऱ्या वास्तुविशारदाला तो कॉर्टलँड नावाच्या घरांच्या प्रकल्पाचे आराखडे काढून देतो. त्यातून कीटिंगचं काही भलं होत नाही, तो आणखी पोकळ होतो. म्हणून तिचं मॉडेल तू करून द्यावं असं मी म्हणत नाही. त्या रात्री तासभर तिच्याजवळ बसली असतीस, एवढंच.

एक मात्र खटकलं. एवढ्या जाड पुस्तकात तान्ह्या लेकराला जागा नाही, आणि अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस म्हणजे रोर्कचा गुरू कॅमेरॉन. बाकी बहुतेक सगळे धडधाकट.

३० सप्टेंबर १९९३ ला मी सतरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवून उशिरा झोपलेलो. पहाटे चारच्या आसपास भूकंप झाला आणि माळवद अंगावर आलं. मातीखाली मी किती वेळ होतो कोण जाणे. शेजारच्या गावचा एक माणूस वरून खोऱ्यानं उकरत होता. माझा आवाज कानावर पडताच त्यानं खोरं बाजूला टाकलं आणि हातानं माती ओढायला लागला. पातं मला लागू नये म्हणून. बाहेर काढलं तेव्हा त्याची नखं रक्ताळलेली होती. पुढच्या घराकडं पळाला, मी नावही विचारलं नाही. नंतर ट्रक भरून कपडे आले, ढीग पावसात भिजत पडले. ते देणारे मला आठवत नाहीत. आजोबांनी मात्र घर उभं करताना गवंड्याजवळ रोज स्वतः उभं राहून प्रत्येक थर बघितला.

तेव्हाच त्यांना कळलं आपल्या भिंती का पडल्या. दोन फूट जाडीची भिंत म्हणजे बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मधे माती आणि बारीक दगड. दोन्ही पदर आपापले उभे. त्यांना बांधणारा आरपार दगड कुठंच नव्हता, म्हणून हादरा बसला तशा दोन्ही बाजू सुटल्या आणि वरचं मातीचं ओझं खाली आलं. दुरुस्तीच्या वेळी गवंड्यांना हेच शिकवलं, ठरावीक अंतरावर असा दगड घालायचा.

जुन्या गावठाणात आपल्या घराची कमरेएवढी भिंत अजून उभी आहे. दिवाळीला टेप घेऊन ये, दोघं मोजू. आणि तिलाही घेऊन ये, तुझी आई धपाटे करणार आहे.

तुझे अण्णा