पेमेंट सीट आणि कोना

पुणे
१४ जानेवारी २०२४

प्रिय विज्या,

उद्या संक्रांत. तिळगुळाचं पाकीट वेगळं पाठवलंय, ते वहिनींच्या नावानं आहे. हे पत्र तुला.

कोनाच्या शर्यतीतली देणगीच्या बदल्यात मिळणारी जागा मी नाकारली, हे सांगायला गेल्या रविवारी फोन केला, तर तू म्हणालास, "घे की लेका, पैसे आहेत ना? मग अडलंय कुठं?" आणि मी फाडकन बोलून गेलो, "मी काय पेमेंट सीटवाला आहे का?" इंजिनिअरिंगला जास्त पैसे भरून सीट घेतलेला तू दोन सेकंद गप्प. मग "बरं, ठेवतो, गोडाऊनला माल आलाय," म्हणालास. रविवारी रात्री साडेनऊला सांगलीत कुठला माल येतो रे?

तेव्हापासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. फोनवर मी पुन्हा काहीतरी बरळेन, म्हणून लिहितोय. आणि तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे, ती पूर्ण सांगितल्याशिवाय माझ्या मूर्खपणाचं मापही लागणार नाही.

कोना म्हणजे हवाईतलं कैलुआ-कोना. आयर्नमॅनची जागतिक स्पर्धा तिथली. ३.८ किलोमीटर समुद्रात पोहायचं, १८० किलोमीटर सायकल, मग ४२.२ किलोमीटर पळायचं, सगळं सतरा तासांच्या आत. अंतर सगळीकडे हेच, मी ऑस्ट्रेलियात केलं तेही हेच. फरक एवढाच, की बाकीच्या ठिकाणी फी भरली की नाव लागतं आणि कोनाला तसं लागत नाही. तिथं जागा मिळवावी लागते. निदान म्हणायला तरी.

गंमत अशी, की सुरुवातीला कुणी काही मिळवायचा प्रश्नच नव्हता. पोहणारा जास्त दमदार, सायकलवाला की पळणारा, अशी वादावादी हवाईत रंगली होती. नौदलातला जॉन कॉलिन्स आणि त्याची बायको ज्युडी यांनी बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एका दिवसात जोडून टाकल्या. १८ फेब्रुवारी १९७८ ला पंधराजण निघाले, बाराजण पोचले. पुढे असलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. तो दुसरा आला. पहिला आलेला गॉर्डन हॉलर, वेळ ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद. डिसेंबरात माझी वेळ आली ११ तास ३८ मिनिटं. म्हणजे बघ, १९७८ ला मी तिथं असतो तर जगज्जेता होतो. त्या वर्षी तू आणि मी एकेक वर्षाचे होतो, एवढीच काय ती अडचण!

मग फेब्रुवारी १९८२ आलं. ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी, तिला शरीरक्रियाशास्त्रावर प्रबंध लिहायचा होता, म्हणून तिनं नाव दिलं. कसली पात्रता नाही, काही नाही. बायकांत ती पहिली चालली होती आणि शेवटच्या टप्प्यात पायच गेले. पडली, उठली, पुन्हा पडली. शेवटी गुडघ्यांवर रांगत निघाली. रेषा अगदी समोर आणि बाजूनं कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली. एकोणतीस सेकंदांनी हरली ज्युली. हे अमेरिकेत टीव्हीवर दाखवलं आणि सगळा देश हळहळला. त्यानंतर ज्याला त्याला आयर्नमॅन व्हायचं होतं. गर्दी एवढी झाली, की पुढच्याच वर्षी पात्रता आणि सोडत दोन्ही आली. विज्या, ज्या बाईमुळे ही शर्यत जगाला कळली, ती आजच्या नियमात दारातच अडली असती.

सोडत बरीच वर्षं चालली. थोड्या जागा नशिबाच्या, चिठ्ठी निघाली की कोना. पण त्या चिठ्ठीसाठी नाव देतानाच पैसे घ्यायचे, नाव निघो न निघो. जास्त संधी हवी तर आणखी पैसे. पैसे भरा, नशीब अजमावा, बक्षीस घ्या, याला अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी साध्या शब्दात लॉटरी म्हटलं आणि २०१५ साली कंपनीला सुमारे २७ लाख ६० हजार डॉलर सरकारजमा करावे लागले. सोडत बंद. काही जागांचा धर्मादाय लिलावही व्हायचा, हजारो डॉलर बोली लागायची. शिवाय पाहुणे. टीव्हीवर शिव्या घालत स्वयंपाक शिकवणारा गॉर्डन रॅमसे २०१३ ला कोनाला गेला. पण पठ्ठ्यानं चौदा तासांच्या आसपास पूर्ण केलं हं. पाहुणा असो नाहीतर कुणी, त्या लाव्हाच्या काळ्या माळावर वारा काही ओळखपाळख बघत नाही.

गेल्या वर्षी तर आणखी मजा झाली. २०२२ ला कोनात शर्यत दोन दिवस ठेवली, गावाला तो ताण झेपेना. मग २०२३ ला बायका कोनाला आणि पुरुष फ्रान्समध्ये नीसला. पुरुषांना नीस नको होतं, त्यांचं स्वप्न हवाईचं. जागा नाकारल्या, त्या खालच्या नंबरांकडे सरकत सरकत कुठच्या कुठं गेल्या. खिरापतीसारख्या वाटल्या म्हण. आयुष्यात ज्यांना कधी पात्रता लागली नसती, ते रीतसर "पात्र" ठरले, आणि नियमात ते शंभर टक्के बसत होतं. आता कमावलेली जागा कशाला म्हणायचं ते तूच सांग.

तरीही मी बसल्टनला शर्यतीनंतर कोनाच्या जागांच्या वाटपाला जाऊन बसलो. ते तुला फोनवर सांगायचंच राहिलं.

बसल्टन म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाचं शांत गाव. समुद्रात जवळजवळ दोन किलोमीटर आत गेलेला लाकडी धक्का आहे, त्याला वळसा घालून परत यायचं. २०१७ ला तिथं शार्क दिसला म्हणून पोहणंच रद्द केलं होतं, हे मला आदल्या रात्री एका भल्या माणसानं आवर्जून सांगितलं. शर्यतीचं वर्णन करत नाही. डाव्या गॉगलात पाणी शिरलं, तिसाव्या किलोमीटरला आईची आठवण काढली, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी मांड्या अशा दुखत होत्या, की खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी टेकावं लागत होतं. सभागृहात सगळे तसेच, लंगडत आलेले, आणि त्यातले निम्मे तरी तोंडानं "छे, सहज आलोय" म्हणणारे. पद्धत अशी: वयोगट पुकारतात, क्रमानं नाव घेतात. तू हजर पाहिजेस. नाव घेतल्यावर तिथल्या तिथं "हो" म्हणायचं आणि तिथल्या तिथं कार्ड घासायचं, हजार डॉलरच्या वर. तीनदा पुकारून आवाज आला नाही, की पुढचा. २०२४ साठी उलटं, पुरुष कोनाला आणि बायका नीसला, त्यामुळे बायकांच्या काही गटांत नावं पुकारून पुकारून निवेदकाचा घसा बसला.

माझ्या पुढच्या रांगेत साठी ओलांडलेला एकजण होता. शेजारी बायको. त्याच्या मुठीत क्रेडिट कार्ड, आणि ते तो अंगठ्यानं असं घासत होता, की त्यावरचे आकडे पुसतील. त्याच्या गटात जागा किती ते मला नेमकं कळलं नव्हतं, पण तो त्या हद्दीच्या एक-दोन नंबर खाली असावा, कारण पहिल्या नावाला आवाज आला तेव्हा बायकोनं डोळे मिटले. दुसऱ्या नावाला आवाज आला नाही. एकदा पुकारलं. दोनदा. सभागृहात एवढी शांतता, की बाहेर कुणीतरी सायकल खोक्यात भरत होतं त्या चिकटपट्टीचा आवाज येत होता. तिसऱ्यांदा. मग निवेदकानं पुढचं नाव घेतलं आणि तो माणूस उठला, पण त्याला "हो" म्हणता येईना. नुसता हात वर. त्याच्या बायकोनंच ओरडून सांगितलं. गळ्यात फुलांची माळ घातली, आणि तो सोळा वर्षांच्या पोरासारखा हुंदके देऊन रडला. दोन मिनिटांनी दारातून एकजण धापा टाकत आला, हातात कॉफीचा कागदी कप. तो दुसऱ्या नावाचा माणूस होता.

माझ्या वयोगटात कोनाची जागा हवी तर साडेनऊ तासांच्या आसपास यायला लागतं. माझ्यात आणि त्यात दोन तासांचं अंतर. हे दोन तास मी या जन्मात कापणार नाही, हे मला कळतं. माझं नाव तिथं कुणी पुकारणार नव्हतंच. तरी प्रत्येक नावाला मी मान वर करत होतो.

एक रस्ता आहे म्हणा. बारा आयर्नमॅन पूर्ण करा, कोनाला कधी उतरला नसाल तर रांगेत घेतात, निष्ठावंतांचा कोटा. माझे चार झालेत. पण आपल्याकडे गोव्याला होतो तो अर्धा, त्याची या बारात गणती नाही. पूर्ण करायला कझाकस्तान, मलेशिया, ऑस्ट्रेलिया. एका खेपेला प्रवेश फी, विमान, सायकलचं भाडं, राहणं धरून चारएक लाख. बारा खेपांचे अर्धा कोटी. अमेरिकेतला एखादा माणूस गाडीत सायकल टाकून शेजारच्या राज्यात जाऊन येतो, त्याला ती चिकाटी. मला तीच चिकाटी अर्ध्या कोटीला. यात कमावलं किती आणि विकत घेतलं किती? माझी सायकल पावणेचार लाखांची, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

तर आता ती ऑफर. आमच्या एका ग्राहक कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, त्यांच्या ओळखीतून कोनाची एक जागा आहे, बदल्यात एका संस्थेला पंधरा हजार डॉलर देणगी. साडेबारा लाख. पैसा चांगल्या कामाला जातो, कुणाची कमावलेली जागा हिसकावली जात नाही, त्या जागा मुळात वेगळ्याच काढलेल्या. मी आठ दिवस विचार केला आणि नको कळवलं. मग तुला फोन केला, शाबासकी मिळेल म्हणून. तू म्हणालास, घे की लेका.

आणि मी ते बोललो.

१९९५ ला आबांनी तळ्याकडचं दीड एकर विकून तुझी सीट घेतली. मी फ्री सीटवर. मेसमध्ये "पेमेंटवाल्यांनी आधी ताट उचलावं" म्हणायचो, तूही हसायचास. मला वाटायचं, तुला खरंच हसू येतं. दुसऱ्या वर्षी एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, नापास होऊन मला केटी लागली, आणि मला त्यातलं लाप्लास शिकवायला रात्री दोन-दोनपर्यंत कोण बसलं? पेमेंट सीट. तुझी ती निळ्या कव्हरची वही मी परत दिलीच नाही, अजून माळ्यावर आहे. चार वर्षांनंतर कुणाच्या डिग्रीवर लिहिलं होतं का कोण कुठल्या दारानं आला? परीक्षेचा पेपर दोघांना तोच होता.

याच न्यायानं मी कोनाची जागा घ्यायला हवी, हे मला दिसतं. समुद्र तोच, वारा तोच, सतरा तास तेच. तुझ्याशी वाद घालायचा म्हटलं तर मी हरलेलो आहे.

पण तुला इंजिनिअर व्हायचं होतं. सीट हे नुसतं दार होतं, काम आत होतं. ते आबांनी कुठल्याही भावानं उघडलं असतं तरी मी त्यांच्या पाया पडलो असतो. माझं तसं नाही. आतलं काम माझं चारदा करून झालंय. पोहणं, सायकल, पळणं हवं असेल तर मला कोना कशाला, कझाकस्तानात तेवढंच अंतर आहे. कोनात जास्तीचं काय, तर तो माणूस नाव पुकारतो ते. मला नेमकं तेवढंच हवं होतं, आणि साडेबारा लाखांत नेमकं तेवढंच येत नाही. बाकी सगळं येतं. हे मला तुला शांतपणे सांगता आलं असतं. त्याऐवजी मी तुझ्या आबांची जमीन मध्ये आणली.

चुकलो, विज्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वीही चुकलो होतो, ते आत्ता कळलं.

ऑगस्टमध्ये अस्तानाला नाव घातलंय, पाचवा. बारापर्यंत पोचेन की नाही कुणास ठाऊक, गुडघा कुरकुर करायला लागलाय. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी सांगलीला येतोय, कृष्णेत पोहायचं आहे, घाटावर कपडे सांभाळायला तू ये. येताना निळी वही आणतो. एका पानावर तू माझं चित्र काढलंयस आणि खाली जे लिहिलंयस ते वहिनींसमोर उघडू नकोस.

उत्तर लिहायच्या भानगडीत पडू नकोस, फोन कर. शिवीनं सुरुवात केलीस तरी चालेल. आबांना नमस्कार सांग, पण कशाबद्दल ते सांगू नकोस.

तुझा,
शऱ्या