नेयचा आवाज आणि नेयचे अंग

पुणे
प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मी पाठवलेले गाणे ऐकून तू विचारलेस, “ही गायिका कोण?” ती गायिका नव्हे, तो ब्राझीलचा नेय मातोग्रोसो. तुझी चूक झाली यात नवल नाही, परंतु त्यावरून मला गेले कित्येक दिवस मनात घोळणारे तुला लिहावेसे वाटले.

नेयचा जन्म १९४१ मधला, वडील लष्करात, स्वतःही काही काळ हवाई दलात. पुढे चामड्याच्या हस्तकलेच्या वस्तू करून पोट भरणाऱ्या या माणसाला झ्वांव रिकार्दो आणि झेर्सोन कोनराद यांनी आपल्या ‘सेकोस इ मोल्यादोस’ या चमूत गायला घेतले. नावाचा शब्दशः अर्थ कोरडे आणि ओले, म्हणजे आपल्याकडच्या किराणा दुकानासारखेच. १९७३ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ मी पुन्हा पुन्हा पाहतो: जेवणाच्या टेबलावर खाद्यपदार्थांच्या मधोमध रंगवलेल्या चेहऱ्यांची चार मुंडकी वाढून ठेवलेली. देशात १९६४ पासून लष्करी राजवट, गाण्यांवर सेन्सॉरची कात्री. आणि अशा काळात उघड्या छातीचा, चेहऱ्यावर पांढराकाळा रंग फासलेला, पिसे लेवून कंबर हलवणारा हा पुरुष लहान मुलांनाही आवडू लागला. १९७४ च्या फेब्रुवारीत रिओचे माराकानाझिन्यो क्रीडागृह त्यांच्यासाठी खचाखच भरले, आणि त्याच वर्षी चमू फुटलाही.

मला सांगायचे आहे ते हे की, नेयचा उंच स्वर हा खोटा आवाज नाही. आपले कित्येक गवई तार सप्तकात गेले की आवाज बारीक करून निभावतात. नेयचा आवाज तिथे मुळातच राहतो, त्याला धार आहे आणि वजनही आहे. आपल्याला बालगंधर्व आठवतात, पण ते रंगभूमीवर स्त्री होत असत. नेय स्त्रीची भूमिका करत नाही. केसाळ छाती तशीच उघडी ठेवून तो उभा राहतो, म्हणून ऐकणाऱ्याच्या कानाने ठरवलेले आणि डोळ्याने ठरवलेले एकमेकांशी जुळत नाही, आणि त्या न जुळण्यातूनच त्याचा सगळा नाट्यप्रयोग उभा राहतो. १९८१ मध्ये त्याने मर्दानगीची ग्वाही देणारे ‘ओमें कों आगा’ हे फोर्रो, म्हणजे ईशान्य ब्राझीलच्या लोकप्रिय नृत्यसंगीताच्या, ढंगाचे गाणे त्याच आवाजात गायले आणि ते घरोघरी पोहोचले.

याउलट ब्राझीलचाच गायक मिल्टन नासिमेंतो पाहा. त्याचाही आवाज उंच चढतो, पण तो अंगाचे प्रदर्शन मांडत नाही. १९७३ च्या ‘मिलाग्रे दोस पेइशेस’ या ध्वनिमुद्रिकेत सेन्सॉरने काही गाण्यांचे शब्द काढायला लावले, तेव्हा त्याने ती शब्दांविना, नुसत्या आवाजात गायली. ते ऐकताना माझा गळा दाटून येतो. एकाने शब्द गेल्यावर आवाजाचा आसरा घेतला, तर दुसऱ्याने शरीरालाच बोलते केले. पण प्रेम म्हणशील तर माझे नेयवर अधिक आहे, कारण त्याने पणाला लावलेले अंग स्वतःचे होते.

आणि म्हणून तुला सांगतो, केवळ पिसांवर त्याची भिस्त होती असे समजू नकोस. विनिसियस दे मोराइस यांच्या कवितेला झेर्सोनने चाल लावलेले ‘रोझा दे हिरोशिमा’ तू ऐक. अणुबाँबने आंधळ्या झालेल्या मुलींचे ते गीत तो कुठलाही नखरा न करता, जवळजवळ कुजबुजल्यासारखे उचलतो. पुढे १९८६ च्या सुमारास तर त्याने रंग आणि पिसे बाजूला ठेवली आणि आर्तुर मोरेइरा लिमाच्या पियानोवर व राफाएल राबेल्योच्या गिटारवर गात साधेपणाने रंगमंचावर उभा राहिला. आवाज तोच होता.

आता पुन्हा लाव ते गाणे, पण या वेळी चित्र आधी बघू नकोस. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐक, मग बघ, आणि तुला काय वाटले ते सविस्तर लिही.

तुझा,
श्रीधर